टीव्ही घेताना रिझोल्यूशन कसं निवडायचं: खान्देशातल्या घरांसाठी

आखाजी किंवा दिवाळीच्या तोंडावर जळगाव, धुळे, शहाद्यातल्या टीव्हीच्या दुकानात पहिला प्रश्न ऐकू येतो, "कितला इंची?" दुसरा किमतीचा. रिझोल्यूशनचा विषय निघालाच तर दुकानदार खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवतो आणि तो तिथेच संपतो. इंच ठरवण्याआधी दोन गोष्टी घरूनच पाहून निघा. बसायची जागा पडद्यापासून किती फुटांवर आहे? आणि घरात चित्र येतं कुठून: फ्री डिशच्या छत्रीवरून, केबलवरून, पैसे भरून घेतलेल्या डीटीएचवरून की इंटरनेटवरून? ही दोन उत्तरं हातात असली की खोक्यावर काय छापलंय याने फारसा फरक पडत नाही.

आधी चार आकडे

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. आडवे किती आणि उभे किती ठिपके, हे सांगणारा आकडा म्हणजे रिझोल्यूशन. बाजारात मिळणारे प्रकार असे:

- एचडी रेडी: १३६६ × ७६८, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके
- फुल एचडी: १९२० × १०८०, सुमारे २० लाख ७४ हजार
- फोर-के किंवा अल्ट्रा एचडी: ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख
- एट-के: ७६८० × ४३२०, सुमारे ३ कोटी ३२ लाख

फुल एचडीचे चार पडदे दोन वर, दोन खाली असे लावले तर एक फोर-के होतो. सिनेमागृहातलं फोर-के ४०९६ ठिपके रुंद असतं, टीव्हीचं ३८४०. ही फसवणूक नाही, दोन वेगळी मापं आहेत.

एचडी रेडीचं १३६६ × ७६८ हे माप मात्र विचित्र आहे. या मापाचं चित्र कुठलंच चॅनेल किंवा ॲप पाठवत नाही. येतं ते ५७६, ७२० किंवा १०८० ओळींचं (ओळ म्हणजे ठिपक्यांची एक आडवी रांग), आणि टीव्हीला ते प्रत्येक वेळी ताणून किंवा आकसून ७६८ ओळींत बसवावं लागतं. मालिका पाहताना हे कळत नाही. लॅपटॉप जोडला की अक्षरांच्या कडा पुसट दिसतात, त्याचं कारण हेच. फोर-केचं गणित सोपं आहे: १०८० ओळींची बरोबर दुप्पट आणि ७२० ची बरोबर तिप्पट.

पायरी १: टेप घेऊन अंतर मोजा

भिंत ते भिंत मोजू नका. डोळ्यांपासून पडदा जिथे येणार तिथपर्यंत मोजा. दहा बाय बाराच्या खोलीत लांब बाजूला पलंग आणि समोर टीव्ही असला तरी हातात बारा फूट येत नाहीत. पाठीमागची उशी, पलंगावरची बैठक आणि समोरचं टेबल धरून साडेआठ-नऊ फूटच उरतात. जुन्या धाब्याच्या घरात मधलं घर लांब असतं, तिथे बारा-तेरा फूटही मिळतात. मुलं चटईवर चार फुटांवर येऊन बसतात हे खरं, पण हिशोब मोठ्या माणसांच्या रोजच्या जागेवरून करा.

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक फरक वेगळा दिसतो. त्यावरून काढलेली अंतरं खाली दिली आहेत. या अंतराच्या मागे बसलात की ठिपका वेगळा दिसत नाही आणि त्याहून जास्त रिझोल्यूशनचा डोळ्याला उपयोग होत नाही:

- ३२ इंच: एचडी रेडी सुमारे ६ फूट, फुल एचडी सव्वाचार फूट
- ४३ इंच: फुल एचडी साडेपाच फूट, फोर-के पावणेतीन फूट
- ५५ इंच: फुल एचडी सात फूट, फोर-के साडेतीन फूट
- ६५ इंच: फुल एचडी साडेआठ फूट, फोर-के सव्वाचार फूट

हे आकडे नीट पाहिले तर विक्रेत्याचा निम्मा आग्रह गळून पडतो. दहा फुटांवरून ४३ इंची पडद्यावर फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक निव्वळ ठिपक्यांच्या हिशोबाने कोणालाही दिसणार नाही. तिथे जास्तीचे पैसे आकारात घाला. आकारासाठी सोपा हिशोब असा: इंचांना १.६ ने गुणा, येईल ते अंतर इंचांत. त्या अंतरावर पडदा नजरेत सिनेमासारखा भरतो. ५५ इंचांसाठी ते सव्वासात फुटांच्या थोडं पुढे येतं, ६५ साठी पावणेनऊच्या आसपास. बातम्या आणि मालिकांना एवढ्या मोठ्याची गरज नसते. सिनेमा आणि क्रिकेटला मोठा पडदा खरंच मजा देतो.

पायरी २: घरात काय येतं ते ओळखा

"नवा टीव्ही जुन्यापेक्षा वाईट दिसतो" ही तक्रार गावोगाव ऐकू येते, आणि बऱ्याचदा टीव्हीत दोष नसतो.

फ्री डिश आणि साध्या केबलवरची बहुतेक चॅनेल्स एसडी असतात, म्हणजे ७२० × ५७६, जेमतेम सव्वाचार लाख ठिपके. तेच चित्र फुल एचडी पडद्यावर दाखवायचं तर एका ठिपक्याचे पाच करावे लागतात आणि फोर-केवर तब्बल वीस. मूळ ठिपका एक, बाकीचे एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. हे काम आतल्या प्रोसेसरचं. महागड्या संचात तो बऱ्यापैकी करतो, स्वस्त फोर-केमध्ये चेहरे मेण लावल्यासारखे गुळगुळीत होतात आणि अक्षरांभोवती किडे वळवळतात. शिवाय पडदा ३२ वरून ५५ झाला की पूर्वी लहान दिसणारे दोषही मोठे होतात. घरात फक्त फ्री डिशच चालणार असेल, तर ५५ इंची फोर-केपेक्षा ३२ इंची एचडी रेडी किंवा ४३ इंची फुल एचडी जास्त समाधान देतो. दुकानदाराला हे ऐकायला आवडणार नाही.

डीटीएचची एचडी चॅनेल्स १०८० ओळींची असतात, पण ओळी एका आड एक अशा दोन हप्त्यांत येतात. टीव्ही त्या जोडतो. जोड नीट जमली नाही तर धावणाऱ्या खेळाडूच्या कडेला करवतीसारखे दाते दिसतात. अशा घरात फुल एचडी पुरेसा असतो, फोर-केही चालतो. यावर फोर-के चित्र येत नाही, हे लक्षात ठेवून घ्या.

खरं फोर-के घरात येतं ते मुख्यतः इंटरनेटवरून, आणि तिथे वेग आणि डेटा आडवे येतात. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सांगतं. फोर-केला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो, एचडीला ३ जीबीपर्यंत. मोबाइलचा रोजचा २ जीबीचा पॅक हॉटस्पॉटने टीव्हीला दिला तर फोर-केमध्ये तो सतरा मिनिटांत संपतो. मोबाइल डेटावर चालणाऱ्या घरात फोर-के घेतला तर तो बहुतेक वेळ ७२० ओळींचंच चित्र दाखवत राहील. फायबरचं कनेक्शन असेल तर ३० एमबीपीएसचा साधा प्लॅनही पुरतो, पण तो वेग टीव्हीपर्यंत पोचायला हवा. धाब्याच्या घराच्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंतीतून वायफाय अर्धमेलं होऊन बाहेर पडतं. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर सरळ लॅनची वायर ओढा. टीव्हीचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असलं तरी फोर-केला ते भरपूर झालं.

आणखी दोन अडसर आहेत. नेटफ्लिक्सचं फोर-के फक्त सगळ्यांत वरच्या, प्रीमियम प्लॅनवर मिळतं. दुसरा अडसर वाइडवाइन नावाच्या कुलपाचा: ज्या टीव्हीला किंवा अँड्रॉइड बॉक्सला त्याची एल-वन पातळी मिळालेली नाही, त्यावर पैसे भरून पाहायची बरीच ॲप्स ४८० ओळींच्या आसपासच अडकतात, पडदा कितीही मोठ्या रिझोल्यूशनचा असो. बिगरनावाच्या स्वस्त 'स्मार्ट' संचांत हे हमखास सापडतं. यूट्यूबला हे कुलूप लागत नाही, म्हणून दुकानात यूट्यूब झकास चालतं आणि घरी सिनेमा धूसर दिसतो.

अहिराणी गाणी आणि कॉमेडी यूट्यूबवर पाहायची असेल तर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये क्वालिटी उघडून बघा. यादीत वर १०८० असेल तर त्यापुढे काही मिळणार नाही. २१६० असेल तरच फोर-के. यूट्यूब १०८० च्या वरचं चित्र व्हीपी-नाइन किंवा एव्ही-वन या पद्धतीने पाठवतं, त्यामुळे नव्या टीव्हीला या दोन्ही पद्धती वाचता येतात का, हे माहितीपत्रकात पाहून घ्या.

पायरी ३: आता आकार आणि रिझोल्यूशन जुळवा

*२४ ते ३२ इंच.* सहा फुटांच्या मागे बसून फ्री डिश किंवा केबल पाहायची असेल तर एचडी रेडी पुरे. झोपायच्या खोलीत चार-पाच फुटांवरून पाहणार असाल, किंवा मुलाला अभ्यासासाठी लॅपटॉप जोडायचा असेल, तर ३२ इंचांतला फुल एचडी शोधा. तो दुकानात कमी दिसतो, मागितल्याशिवाय बहुधा कोणी काढत नाही.

*४० ते ४३ इंच.* इथे एचडी रेडी घेऊ नका. ४० इंचांत असे संच आहेत आणि स्वस्तही आहेत, पण सात-साडेसात फुटांच्या आत बसलात की जाळी दिसते. फुल एचडी इथे रास्त. त्याच कंपनीचा फोर-के थोड्याच फरकाने मिळत असेल तर तोच घ्या. कारण ठिपके नाहीत. बऱ्याच कंपन्या प्रोसेसर, रंग आणि एचडीएमआय पोर्टं फोर-केच्या संचांतच चांगली देतात.

*५० इंच आणि वर.* फोर-के. कागदावर ५५ इंचांचा फुल एचडी नऊ फुटांवरून चालला असता, पण या आकारात चांगल्या कंपन्यांचे फुल एचडी संच आता जवळपास मिळत नाहीत. जो मिळतो तो जुना साठा असू शकतो.

एट-केचा विचार सोडून द्या. ६५ इंची पडद्यावर त्याचे जास्तीचे ठिपके दिसायला सव्वाचार फुटांच्याही आत बसावं लागेल, आणि आपल्याकडे कुठलंच चॅनेल तसं चित्र पाठवत नाही.

जुन्या किमतींवरून अंदाज बांधत असाल तर एक बदल लक्षात घ्या. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर तो आधीपासूनच १८ टक्के होता.

पायरी ४: दुकानात तपासायचं ते

खोक्यावर 'फोर-के सपोर्ट', 'फोर-के व्हिडिओ', 'अल्ट्रा एचडी रेडी' अशी भाषा दिसली की सावध व्हा. यांतल्या काहींचा अर्थ एवढाच असतो की टीव्ही फोर-केची फाइल उघडतो, पण आकसून कमी ठिपक्यांच्या पॅनलवर, म्हणजे प्रत्यक्ष पडद्यावर, दाखवतो. माहितीपत्रकात 'डिस्प्ले रिझोल्यूशन' किंवा 'पॅनल रिझोल्यूशन' ही ओळ शोधा आणि तिथे ३८४० × २१६० हे आकडे हवेत. बिलावर मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या.

पॅनल खरा आहे का, हे पाहायला फूटपट्टी आणि मोबाइल पुरतो. पडद्यावर पांढरं चित्र आणा. फूटपट्टी हलक्या हाताने आडवी धरा, पॅनलवर दाब देऊ नका. मोबाइलने जवळून फोटो काढून तो मोठा करा. लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या काड्या मिळून एक ठिपका होतो. एका सेंटिमीटरमध्ये किती ठिपके बसले ते मोजा:

- ३२ इंच: एचडी रेडीत १९, फुल एचडीत २७
- ४३ इंच: फुल एचडीत २०, फोर-केत ४०
- ५५ इंच: फुल एचडीत १६, फोर-केत ३१-३२

४३ इंची 'फोर-के'मध्ये वीसच मोजले गेले तर पाकीट खिशातच राहू द्या. मोजताना काड्यांमध्ये चौथी पांढरी काडी दिसली तर तो वेगळ्या रचनेचा पॅनल आहे. अशा काही पॅनलांत रंगीत काड्या कमी असतात, म्हणून रंगीत बारीक अक्षरं थोडी मागे पडतात.

पेनड्राइव्हवर फोर-के फोटो नेऊन तपासायचा सल्ला अनेकजण देतात, तो फसवा आहे. बऱ्याच खऱ्या फोर-के टीव्हींतही मेनू आणि फोटो १०८० ओळींतच दाखवले जातात, पूर्ण ठिपके फक्त व्हिडिओला मिळतात. म्हणून फोर-के व्हिडिओच न्या. लॅपटॉप जोडून सेटिंगमध्ये ३८४० × २१६० दिसलं, एवढ्यावरही विसंबू नका. टीव्ही ते माप स्वीकारतो इतकंच त्यातून कळतं.

दुकानातला टीव्ही बहुधा 'स्टोअर' किंवा 'व्हिव्हिड' मोडवर, कंपनीच्याच फोर-के व्हिडिओवर चालू असतो: पोपट, समुद्र, कापलेली फळं. त्यावर साधा टीव्हीही चकाकतो. 'होम' किंवा 'स्टँडर्ड' मोड लावायला सांगा, मग घरी जे येतं तेच लावायला सांगा. एसडी मराठी चॅनेलवर खालून सरकणारी बातमीची पट्टी पाहा. अक्षरं थरथरत असतील किंवा मागे शेपूट सोडत असतील तर पॅनल संथ किंवा प्रोसेसर कमकुवत. एचडी चॅनेलवर क्रिकेट किंवा कबड्डी लावून दातेरी कडा शोधा. आणि पाहताना दोन फुटांवर उभे राहू नका, घरी मोजलेल्या अंतरावर मागे सरका.

मागची पोर्टं पाहा. एचडीएमआय १.४ वर फोर-के सेकंदाला ३० चित्रांपर्यंतच चालतं, २.० वर ६०, २.१ वर १२०. सेट टॉप बॉक्स आणि सिनेमासाठी २.० पुरतं. २.१ गेम खेळणाऱ्यांसाठी. पोर्ट तीन असली तरी तिन्ही सारखी असतीलच असं नाही, म्हणून कुठलं कितीचं ते विचारून ठेवा.

पायरी ५: घरी जोडताना

इथेच चांगला टीव्ही वाया जातो. एचडी बॉक्स घेतलेला असतो, एचडी पॅकचे पैसे दरमहा जातात, आणि जोडणाऱ्याने जुनी लाल-पांढरी-पिवळी एव्ही वायर लावलेली असते. त्या पिवळ्या वायरीतून ५७६ ओळींच्या वर काही जातच नाही. बॉक्स ते टीव्ही एचडीएमआय केबलच लावा.

मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ आउटपुट १०८० वर आणा. कित्येक बॉक्स ५७६ किंवा ७२० वर ठेवलेले असतात.

टीव्हीत 'पिक्चर साइझ' किंवा 'आस्पेक्ट रेशो' उघडा आणि 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन', 'फुल पिक्सेल' असा जो पर्याय असेल तो निवडा. तो बंद असेल तर टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतो आणि ठिपक्याला ठिपका जुळत नाही. बातमीची पट्टी खाली अर्धी कापलेली दिसते ती यामुळेच. जुनं चौकोनी चित्र ताणून सगळे लठ्ठ दिसत असतील तर तिथेच ४:३ निवडा.

फोर-के उपकरण जोडलं असेल तर त्या पोर्टसाठी 'एन्हान्स्ड' किंवा 'यूएचडी कलर' सुरू करा. काही टीव्हींत तो मूळात बंद असतो. सुरू केल्यावर पडदा मधूनच काळा व्हायला लागला तर केबल कमजोर आहे. 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलेली लहान केबल लावा, दहा मीटरची स्वस्त केबल नको.

शार्पनेस कमी करा. कारखान्यातून ती बहुधा वाढवून येते, आणि एसडी चॅनेलवर चेहऱ्यांभोवती पांढरी रेघ उमटते.

लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवरून पाहायचा असेल तर एक अडचण ठरलेली आहे. फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. फुल एचडी व्हिडिओ १० एमबीपीएसने बनवला असेल तर तासाभराची फाइलच साडेचार जीबी होते, ५० एमबीपीएसचा फोर-के तासाला साडेबावीस जीबी. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून द्यायला सांगा, पण त्याआधी टीव्ही त्यांपैकी काय वाचतो ते माहितीपत्रकात बघा. आणि डीव्हीडीवरचं जुनं लग्न ५७६ ओळींचंच आहे, ते फोर-केवर उजळणार नाही.

शेवटी यूट्यूबवर एक फोर-के व्हिडिओ लावा, सेटिंगमधलं 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' सुरू करा आणि 'करंट रेस' ही ओळ पाहा. मिनिटभरात तिथे ३८४० × २१६० आलं तर पॅनलला पूर्ण खुराक मिळतोय. १२८० × ७२० वरच अडकलं तर टीव्ही बदलून मागण्याआधी राउटरजवळ जाऊन नेटचा वेग तपासा.